आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था, ॲम्स्टरडॅम

आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था : समाजवादी, अराज्यवादी व कामगार चळवळींच्या इतिहासाची मूळ साधने जमविणारी, त्यांचे जतन करणारी व ती अभ्यासकांस खुली करून देणारी नेदर्लंड्समधील एक जगप्रसिद्ध संस्था. स्थापना ॲम्स्टरडॅम येथे २५ नोव्हेंबर १९३५ रोजी. ग्रंथालय, दप्तरखाना व संशोधनकेंद्र अशी तिन्ही अंगे या संस्थेत एकत्र आली आहेत. कार्ल मार्क्स व फ्रीड्रिख एंगेल्स यांच्या उपलब्ध मूळ हस्तलिखितांपैकी सु. दोन-तृतीयांश भाग येथे असून, मिखाईल बकूनिन, कार्ल कौट्स्की, एमा गोल्डमन इ. विचारवंत व कार्यकर्त्यांची कागदपत्रेही येथे आहेत. संस्थेच्या ताब्यात ४,००० हून अधिक दप्तरसंग्रह व १० लाखांहून अधिक मुद्रित ग्रंथ, नियतकालिके व पुस्तिका आहेत. या संग्रहाचा मोठा भाग नाझी राजवटीच्या काळात विनाशाच्या उंबरठ्यावरून परत आलेला आहे.

पार्श्वभूमी : राज्यसंस्थेची कागदपत्रे राज्यसंस्थाच सांभाळते. महसुलाच्या नोंदी, तहनामे, न्यायनिवाडे यांची दप्तरे तिच्या कारभाराला आवश्यक असल्यामुळे ती टिकून राहतात. धर्मसंस्था व मोठ्या व्यापारी पेढ्या यांचेही तसेच आहे. कामगार संघटनांची स्थिती याहून वेगळी होती. त्यांना बहुधा स्वतःची इमारत नसे. सभासदांच्या नोंदवह्या चिटणिसाच्या घरी राहत व त्याच्या मृत्यूनंतर रद्दीत जात. पत्रके व पुस्तिका हलक्या कागदावर छापल्या जात. धरपकडीच्या काळात पोलीस कागदपत्रे जप्त करीत आणि त्यांच्या हाती पुरावा लागू नये, म्हणून पुष्कळदा कार्यकर्ते स्वतःच ती जाळून टाकीत. परिणामी एखाद्या संपाविषयी मागे उरे, तो पोलिसांचा अहवाल किंवा मालकांचा पत्रव्यवहार. संप करणाऱ्यांचे म्हणणे मात्र नाहीसे होई. अशा एकांगी साधनांवरून लिहिलेला इतिहासही एकांगी होणे अपरिहार्य होते.

ही उणीव प्रथम चळवळींतील लोकांनाच जाणवली. बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांविरुद्ध कायदा केल्यानंतर जर्मन सामाजिक लोकशाही पक्षाचे मुखपत्र झुरिकमधून निघू लागले व तेथेच १८८२ मध्ये पक्षाचा दप्तरखाना सुरू झाला. कायदा १८९० मध्ये संपुष्टात आल्यावर हे दप्तर यथावकाश बर्लिनमध्ये स्थिरावले. स्टॉकहोम येथे १९०२ मध्ये व कोपनहेगन येथे १९०९ मध्ये कामगार चळवळीचे स्वतंत्र दप्तरखाने उभे राहिले. यांत बर्लिनचा संग्रह सर्वांत मोलाचा होता. कारण मार्क्स व एंगेल्स यांचा वारसा त्यात जमा झाला होता. मार्क्सच्या मृत्यूनंतर (१८८३) त्याचे कागद एंगेल्सने सांभाळले. मार्क्सचे हस्ताक्षर इतके दुर्बोध होते, की ते आपल्यामागे कोणाला तरी वाचता यावे, या हेतूने एंगेल्सने एदुआर्ट बर्नस्टाइन व कौट्स्की यांना ते वाचावयास मुद्दाम शिकविले. एंगेल्सच्या निधनानंतर (१८९५) त्याचे स्वतःचे कागद पक्षाकडे, तर मार्क्सचे कागद त्याच्या मुलींकडे गेले. धाकटी मुलगी एलिनॉर (मृत्यू १८९८) व तिच्यानंतर लॉरा लाफार्ग (मृत्यू १९११) यांच्या पश्चात तेही मुख्यतः पक्षाच्या दप्तरात आले.

रशियन राज्यक्रांतीनंतर या कागदांना वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. मॉस्कोमध्ये १९२१ साली स्थापन झालेल्या मार्क्स-एंगेल्स संस्थेचा संचालक डेव्हिड र्याझानोव्ह याने बर्लिनमधील हस्तलिखितांच्या छायाप्रती मिळविल्या व १९२७ पासून त्यांच्या समग्र शास्त्रीय आवृत्तीचे प्रकाशन सुरू केले. तथापि १९३१ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले आणि १९३८ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आवृत्तीही अपुरी राहिली. मार्क्सचे नाव घेणाऱ्या राज्यातही त्याच्या हस्तलिखितांचा संपादक सुरक्षित नव्हता, हे या घटनेने दाखवून दिले.

स्थापना : संस्थेचे संस्थापक निकोलास विल्हेल्मस पोस्टुमस (१८८०–१९६०) हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक होते. लायडन शहरातील लोकरी कापडधंद्याचा त्यांनी लिहिलेला इतिहास प्रसिद्ध आहे. व्यापारी पेढ्यांची जुनी दप्तरे रद्दीत जात असल्याचे पाहून त्यांनी १९१४ मध्ये हेग येथे नेदर्लंड्सचा आर्थिक इतिहासाचा दप्तरखाना स्थापन केला होता. पेढ्यांच्या वह्यांबाबत त्यांनी जी दृष्टी ठेवली, तीच पुढे कामगार संघटनांच्या कागदांना लावली. ॲडॉल्फ हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आल्यावर जर्मनीतील कामगार संघटना मोडून काढण्यात आल्या, ग्रंथांच्या होळ्या झाल्या व हजारो कार्यकर्ते परागंदा झाले. त्यांच्यासोबत, किंवा त्यांच्यामागे, संकटात सापडलेले कागद वाचविण्यासाठी तटस्थ देशात एक कायम ठिकाण असावे, असा पोस्टुमस यांचा विचार होता.

त्यासाठी लागणारा पैसा ‘द सेंट्राले’ या डच कामगारांच्या विमासंस्थेकडून मिळाला. या संस्थेच्या नफ्याचा काही भाग कामगार चळवळीच्या सांस्कृतिक कार्यासाठी खर्च होत असे. तिचे संचालक नेहेमिया दे लीमे (१८८२–१९४०) यांनी पोस्टुमस यांच्या योजनेला भक्कम पाठबळ दिले. पैसा चळवळीशी निगडित असला, तरी नवी संस्था कोणत्याही पक्षाची राहणार नाही, हे प्रारंभीच ठरले. सामाजिक लोकशाहीवादी, साम्यवादी, अराज्यवादी या परस्परांशी कडवे वैर असलेल्या प्रवाहांची कागदपत्रे तिने सारख्याच आस्थेने स्वीकारली. ॲम्स्टरडॅममधील कायझर्सग्राख्त या कालव्याकाठी संस्थेचे कामकाज सुरू झाले. ॲनी आडामा फान स्खेल्टेमा-क्लेफ्स्ट्रा (१८८४–१९७७) या तिच्या पहिल्या ग्रंथपाल होत.

संकटग्रस्त संग्रहांची सुटका : स्थापनेनंतरच्या चार वर्षांत संस्थेने जे मिळविले, त्यावरच तिची कीर्ती मुख्यतः आधारलेली आहे. पहिला मोठा संग्रह व्हिएन्नाचे माक्स नेट्टलाऊ (१८६५–१९४४) यांचा होता. केल्टिक भाषांचे अभ्यासक असलेल्या नेट्टलाऊ यांनी वडिलोपार्जित संपत्ती अराज्यवादी चळवळीची पुस्तके, पत्रके व हस्तलिखिते जमविण्यात खर्च केली. बकूनिनच्या चरित्रासाठी त्यांनी त्याचे कागद व त्याच्या सहकाऱ्यांच्या आठवणी युरोपभर हिंडून गोळा केल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत त्यांची संपत्ती नष्ट झाली व हा संग्रहकर्ता दारिद्र्यात दिवस काढू लागला. दीर्घकाळ वाटाघाटी होऊन १९३५ मध्ये त्यांनी आपला संग्रह संस्थेला विकला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीच्या ताब्यात गेला. त्या सुमारास बकूनिनची हस्तलिखिते ग्रंथपाल स्खेल्टेमा-क्लेफ्स्ट्रा यांनी स्वतः व्हिएन्नाहून गुप्तपणे बाहेर आणली. नेट्टलाऊ यांनीही अखेरची वर्षे ॲम्स्टरडॅममध्ये, आपल्याच संग्रहाची सूची करण्याच्या कामी घालविली.

दुसरा संग्रह मार्क्स व एंगेल्स यांच्या कागदांचा. जर्मन सामाजिक लोकशाही पक्षावर जून १९३३ मध्ये बंदी आली; तथापि त्याच्या दप्तरातील सर्वांत मोलाची हस्तलिखिते चोरून सीमेपार नेण्यात आली व डेन्मार्कमधील सहकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आली. प्राग येथून काम करणाऱ्या परागंदा पक्षनेत्यांना पैशाची निकड होती. सोव्हिएट शासन ही हस्तलिखिते विकत घेण्यास उत्सुक होते. त्यासाठी १९३६ मध्ये एक शिष्टमंडळ पश्चिम युरोपात आले. निकोलाय बुखारिन हा त्याचा एक सदस्य होता. सोव्हिएट शासनाने देऊ केलेली रक्कम मोठी होती. परंतु वाटाघाटी फिसकटल्या. त्याच वर्षी मॉस्कोमध्ये जुन्या क्रांतिकारकांवरील खटल्यांचे सत्र सुरू झाले व मार्च १९३८ मध्ये खुद्द बुखारिनला मृत्युदंड देण्यात आला. अखेर १९३८ मध्ये पक्षाने हे दप्तर ॲम्स्टरडॅमच्या संस्थेला विकले. त्यात मार्क्स-एंगेल्स यांच्या हस्तलिखितांखेरीज पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा व अनेक जर्मन नेत्यांचा पत्रव्यवहार अंतर्भूत होता. काही मूळ हस्तलिखिते अन्य मार्गांनी मॉस्कोस पोहोचली होती. ती तेथेच राहिली.

संस्थेच्या तटस्थतेला दोन्ही बाजूंनी धोका होता, याचा प्रत्यय पॅरिसमध्ये आला. तेथील शाखा रशियन मेन्शेविक इतिहासकार बोरिस निकोलायेव्हस्की (१८८७–१९६६) यांच्या देखरेखीखाली होती. लिओन ट्रॉट्स्कीचा मुलगा लेव्ह सेडोव्ह याने वडिलांच्या कागदपत्रांचा काही भाग तेथे ठेवला होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये एका रात्री चोरांनी शाखेत शिरून नेमके तेच कागद पळविले. हे कृत्य सोव्हिएट गुप्तचरांचे होते. ज्या कागदांमधून इतिहास लिहिला जाणार, ते कागद सत्ताधाऱ्यांना किती धोक्याचे वाटतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

स्पेनमधील यादवी युद्धात पराभवाची चिन्हे दिसू लागताच तेथील अराज्यवादी कामगार संघटनांनीही आपले दप्तर पेट्यांत भरून देशाबाहेर धाडले व ते संस्थेच्या हवाली केले. फ्रान्स व इंग्लंडमार्गे या पेट्या युद्धानंतर ॲम्स्टरडॅमला पोहोचल्या. जनरल फ्रँकोच्या मृत्यूनंतर (१९७५) स्पेनमध्ये लोकशाही आली, तेव्हा यादवी युद्धाच्या पुनर्लेखनास हे दप्तर अत्यंत उपयुक्त ठरले.

जर्मन अंमल व लूट : युद्ध जवळ येत असल्याचे ओळखून संस्थेने मार्क्स-एंगेल्स व बकूनिन यांच्या हस्तलिखितांसारखे सर्वांत मौल्यवान कागद इंग्लंडमध्ये हलविले. ही दूरदृष्टी निर्णायक ठरली. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदर्लंड्स व्यापला व जुलैमध्ये संस्था बंद करण्यात आली. आल्फ्रेट रोझेनबर्ग याच्या अधिपत्याखालील, व्याप्त प्रदेशांतील ग्रंथ व कलावस्तू लुटणाऱ्या पथकाने इमारतीचा ताबा घेऊन तेथेच आपली कचेरी थाटली. पॅरिसची शाखाही जर्मनांच्या हाती पडली. विशेष म्हणजे, हा संग्रह जाळून टाकण्याचा विचार नव्हता. रोझेनबर्गला तो नाझी पक्षाच्या नियोजित उच्च विद्यापीठासाठी, मार्क्सवादाचा शत्रू म्हणून अभ्यास करण्यासाठी हवा होता. जर्मन श्रमिक आघाडी व गुप्त पोलीस यंत्रणा यांनीही त्यावर आपला हक्क सांगितला होता.

युद्धाच्या उत्तरार्धात पुस्तके व दप्तरे जर्मनीकडे रवाना करण्यात आली. १९४५ मध्ये ॲम्स्टरडॅमची इमारत जवळजवळ रिकामी होती. तथापि संग्रहाचा बराच मोठा भाग जर्मनीच्या ब्रिटिश व्याप्त विभागात, हॅनोव्हरच्या परिसरात सापडला आणि १९४६ मध्ये तो परत आणण्यात आला. पूर्वेकडे गेलेल्या काही सामग्रीचा थांग मात्र दीर्घकाळ लागला नाही. ती सोव्हिएट सैन्याच्या हाती पडून मॉस्कोतील एका गुप्त दप्तरखान्यात ठेवलेली होती, हे सोव्हिएट संघाच्या विघटनाच्या सुमारास (१९९१) उघडकीस आले.

युद्धोत्तर काळ : युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत परत आलेल्या पेट्या उघडून त्यांतील कागदांची पुन्हा जुळणी करण्यातच संस्थेची शक्ती खर्च झाली. विमासंस्थेचा आधारही पूर्वीसारखा उरला नव्हता. त्यामुळे सार्वजनिक अनुदान व ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे साहाय्य यांवर ती अवलंबून राहिली. पोस्टुमस यांनी १९४५ मध्ये युद्धकाळाची कागदपत्रे जमविणारी दुसरी एक राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यातही पुढाकार घेतला. १९६० नंतर युरोपात विद्यार्थी व कामगार चळवळींना जोर आला, तशी या दप्तरांना मागणी वाढली. १९७९ मध्ये संस्था नेदर्लंड्सच्या शाही कला व विज्ञान अकादमीत समाविष्ट झाली, त्यामुळे तिला स्थैर्य लाभले. १९८९ पासून ती ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेकडील गोदी भागात, कोकोच्या एका जुन्या वखारीचे रूपांतर करून तयार केलेल्या वास्तूत आहे.

संग्रह व कार्यपद्धती : संस्थेतील सामग्रीचे स्वरूप विविध आहे. पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, हिशेब, सभासदांच्या याद्या, बेकायदा छापलेली वृत्तपत्रे, भित्तिपत्रके, छायाचित्रे, ध्वनिफिती, संपाच्या मिरवणुकीतील निशाणे या सर्वांचा तीत समावेश होतो. कम्युनिस्ट मॅनिफेस्टोच्या मसुद्याचे आज उपलब्ध असलेले एकमेव हस्तलिखित पान येथे आहे. हे पान आणि मार्क्सच्या टिपणांसह असलेली भांडवल या ग्रंथाच्या पहिल्या खंडाची त्याची स्वतःची प्रत यांची २०१३ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद झाली. रशियन समाजवादी क्रांतिकारक पक्षाचे दप्तर, अलेक्झांडर बर्कमनचे कागद व अनेक आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांची दप्तरे हीही उल्लेखनीय होत.

प्रत्येक दप्तर ज्या व्यक्तीने वा संघटनेने निर्माण केले, तिच्याच नावे व शक्यतो तिच्याच मूळ क्रमाने ठेवणे, हे संस्थेचे मुख्य तत्त्व आहे. विषयवार पुनर्रचना केली, तर कोणते पत्र कोणत्या प्रसंगी कोणास लिहिले गेले, याचा धागा तुटतो. दुसरे तत्त्व विश्वासाचे : अनेक संघटना दप्तराची मालकी स्वतःकडे राखून केवळ जतनाची जबाबदारी संस्थेवर सोपवितात. हयात व्यक्तींना धोका पोहोचेल असे कागद ठरावीक काळ बंद ठेवण्याचा करार करता येतो. अन्यथा संग्रह सर्व मतांच्या अभ्यासकांस खुला असतो. संकटग्रस्त कागद वाचविण्याची परंपराही संस्थेने पुढे चालविली. तुर्कस्तानातील १९८० च्या लष्करी उठावानंतर तेथील डाव्या व कामगार चळवळींची सामग्री आणि १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकातील आंदोलनात वाटली गेलेली पत्रके येथे सुरक्षित आहेत.

संशोधन व प्रकाशने : संस्थेचे इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ सोशल हिस्टरी हे नियतकालिक १९५६ पासून प्रसिद्ध होत आहे. आर्थर लेनिंग (१८९९–२०००) यांनी संपादिलेल्या बकूनिनच्या कागदपत्रांचे खंड १९६१ पासून निघाले. मार्क्स-एंगेल्स यांच्या समग्र आवृत्तीचे काम मॉस्को व पूर्व बर्लिन येथील पक्षसंस्थांनी नव्याने हाती घेऊन १९७५ पासून तिचे खंड काढावयास सुरुवात केली होती. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्यावर ते बंद पडण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १९९० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापून या कार्याची जबाबदारी पक्षनिरपेक्ष विद्वानांकडे सोपविण्यात आली. १९९० नंतर यान लुकासन, मार्सेल फान डेर लिंडेन प्रभृतींनी संशोधनाची कक्षा युरोपातील कारखाना-कामगारांपलीकडे नेली. गुलामी, वेठबिगार, घरकाम, शेतमजुरी व स्थलांतर यांचा श्रमाच्या एकाच जागतिक इतिहासात विचार व्हावा, अशी त्यांची भूमिका आहे.

भारताशी संबंध : दुसऱ्या आंतरराष्ट्रीय समाजवादी संघटनेची १९०४ ची परिषद ॲम्स्टरडॅम येथेच भरली होती व मुंबईच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेले दादाभाई नवरोजी तीत उपस्थित होते. ब्रिटिश राजवटीतील भारतीय दारिद्र्याची कहाणी त्यांनी तेथे मांडली, तेव्हा प्रतिनिधींनी उभे राहून त्यांचा सन्मान केला. १९०७ च्या श्टुटगार्ट परिषदेत मादाम कामा यांनी भारताचा ध्वज फडकविला. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय राष्ट्रीय मजदूर काँग्रेस (इंटक) व हिंद मजदूर सभा ज्या आंतरराष्ट्रीय मुक्त कामगार संघटना महासंघाशी (स्थापना १९४९) संलग्न होत्या, त्याचे दप्तर या संस्थेत आहे. भारतीय कामगार इतिहासकारांची संघटना १९९६ मध्ये स्थापन झाली. तिच्या व व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेच्या संयुक्त विद्यमाने नोएडा येथे १९९८ मध्ये भारतीय श्रमाचा दप्तरखाना सुरू झाला. ॲम्स्टरडॅमच्या नियतकालिकाने २००६ मध्ये भारतीय श्रम-इतिहासाला वाहिलेली स्वतंत्र पुरवणी काढली. गंगा कालव्याच्या कामावरील वीटकामगारांच्या १८४८–४९ मधील संपांविषयीचा लुकासन यांचा लेख तीतच आहे. गिरण्या येण्यापूर्वीच या देशात संघटित संप झाले होते, हे त्यावरून दिसून येते.

मूल्यमापन : या संस्थेच्या इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. एकाच कागदांवर एका बाजूने नाझींचा व दुसऱ्या बाजूने सोव्हिएट सत्तेचा डोळा होता. दोघांनाही ते आपापल्या हेतूंसाठी हवे होते व दोघांनाही ते इतरांच्या हाती असणे मान्य नव्हते. मार्क्सच्या हस्तलिखितांचे महत्त्व ती कोणाच्या ताब्यात आहेत यावर नव्हे, तर ती कोणालाही पाहता येतात यावर अवलंबून आहे, ही भूमिका ॲम्स्टरडॅमच्या संस्थेने कृतीतून मांडली. तिने युरोपातील अनेक पराभूत चळवळींचे कागद सांभाळले. चळवळीचा पराभव झाला, तरी तिची साक्ष नष्ट होऊ नये, एवढाच तिचा आग्रह होता. त्या साक्षीमुळे चळवळींचा गौरव जसा शक्य झाला, तसे त्यांच्या चुकांचे, फुटींचे व परस्परांवरील अन्यायांचे परखड परीक्षणही शक्य झाले. संघटनेच्या नोंदवहीला राजदप्तराइतकीच ऐतिहासिक प्रतिष्ठा मिळवून देणे, हे या संस्थेचे सर्वांत मोठे कार्य होय.